थेंब टाका, पण आधी चार पट्टे कोरे सोडा



“पंधरा लिटरच्या पंपात दहा थेंब, आठवड्यातून एक फवारणी. तेल वाढलंच म्हणून समजा!” असे सांगणारा एक गृहस्थ मागच्या महिन्यात आमच्या गावी येऊन गेला. हातात होमिओपॅथीच्या औषधांची पेटी, सोबत चार पानी पत्रक. रासायनिक काही नाही, वास नाही, विष नाही, खर्च म्हणाल तर चहापाण्याएवढा. गवती चहा, रोशा, तुळस, पुदिना अशा तेलाच्या पिकांवर हे औषध फार चांगले लागू पडते, असे त्याचे म्हणणे.

आता गंमत म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट राहिलेली नाही. आमच्या गावातल्या महिला बचत गटाने दोन एकर जमीन खंडाने घेऊन गवती चहा लावला आहे. वर्षभराचे थेंब आणि ‘प्रशिक्षण’ मिळून जी रक्कम सांगितली, ती गटाच्या शिलकीतून द्यायची की नाही, हे पुढच्या बैठकीत ठरायचे आहे. बाटली स्वस्तच आहे, प्रशिक्षण मात्र स्वस्त नाही. गटाच्या अध्यक्षबाईंनी मला विचारले, “भाऊ, तुम्ही शेतीवर लिहिता. घ्यावं का नको, एकदाचं सांगा.”

त्यांना तोंडी दिलेले उत्तर इथे लिहून काढतो आहे, कारण ही पेटी उद्या तुमच्याही गावात येईल. माझे उत्तर एवढेच: हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. आधी चार पट्टे कोरे सोडा आणि मोजून बघा. का, ते सांगतो.

थेंबात असते काय?

होमिओपॅथीचा जनक जर्मनीचा डॉक्टर सॅम्युअल हानेमान. त्याने १७९६ साली आपला विचार मांडला आणि १८१० साली त्यावर ग्रंथ लिहिला. निरोगी माणसात जो पदार्थ एखादे लक्षण निर्माण करतो, तोच पदार्थ अगदी अल्प मात्रेत दिला तर ते लक्षण असलेला रोगी बरा होतो, हे त्याचे सूत्र. हानेमानचे मुख्य लक्ष माणसांवर होते. पिकांवर हे थेंब टाकण्याचा प्रकार नंतरचा.

आपण ज्याला ‘तीसची पॉवर’ म्हणतो ती अशी बनते. मूळ अर्काचा एक भाग घ्यायचा, त्यात मद्यार्काचे किंवा पाण्याचे नव्व्याण्णव भाग घालून जोराने हलवायचे. त्यातला एक भाग पुन्हा नव्व्याण्णव भागांत. असे तीस वेळा. पहिल्या खेपेला शंभरात एक, दुसऱ्या खेपेला दहा हजारांत एक, तिसऱ्या खेपेला दहा लाखांत एक. बाराव्या खेपेच्या पुढे मूळ पदार्थाचा एक कणही बाटलीत उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. तीसाव्या खेपेला हे प्रमाण एकावर साठ शून्ये इतके विरळ झालेले असते. त्याचे दहा थेंब आपण पुन्हा पंधरा लिटर पाण्यात टाकणार.

होमिओपॅथीवाल्यांना हा हिशेब ठाऊक आहे. ते म्हणतात, गुण पदार्थात नसतो, हलवताना पाण्यात उतरलेल्या शक्तीत असतो. रसायनशास्त्राला हे पटत नाही. माणसांच्या बाबतीतही ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध पुरावे तपासून, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजारासाठी नाही, असा निष्कर्ष काढला. पण तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्यापुढचा प्रश्न साधा आहे. थेंब कसे काम करतात हे विद्वानांनी ठरवावे. थेंबाने तेल वाढते का, एवढे आपल्याला काटा आणि मोजपात्र घेऊन बघता येते.

जाता जाता एक शंका. होमिओपॅथीचे जुने डॉक्टर पेशंटला बजावतात की औषध चालू असताना कापूर, पेपरमिंट, कॉफी, कच्चा कांदा टाळा. उग्र वासाने औषधाचा गुण जातो. मग ज्या पिकाच्या पानापानांत उग्र वास भरला आहे, ज्या पुदिन्यातून पेपरमिंटचा वास येतो, त्याच्यावर पडून या थेंबांचा गुण टिकतो कसा? पेटीवाल्याला मी हे विचारले. तो हसला आणि चहा पिऊन गेला.

ब्राझीलचे काय?

पत्रकात लिहिले होते, ‘ब्राझीलच्या विद्यापीठात सिद्ध झाले.’ यात तथ्य आहे, पण ‘सिद्ध’ हा शब्द जास्तीचा आहे. ब्राझीलमधल्या मिनास जेराइस राज्यात व्हिसोझा येथे विद्यापीठ आहे. तिथे प्राध्यापक विसेंते कसाली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी औषधी वनस्पतींवर होमिओपॅथीचे बरेच प्रयोग केले. आपल्या अडुळशाच्या कुळातली चांबा नावाची एक वनस्पती तिकडे औषधात वापरतात. तिच्यातल्या कुमारिन या सुवासिक घटकावर थेंबांचा काय परिणाम होतो हे त्यांनी पाहिले आणि त्याचे प्रमाण बदलल्याचे २००१ साली छापले. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, लिली कोलिस्को या बाईंनी गव्हाच्या कोंबांवर असे प्रयोग केले होते. इटलीत बोलोन्या विद्यापीठात लुचिएत्ता बेत्ती आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सोमलाने विषबाधा केलेल्या गव्हावर सोमलाचेच थेंब देऊन पाहिले. तेव्हा हा विषय कोणी काल काढलेला नाही. शंभर वर्षे माणसे यात डोके घालत आहेत.

पण शंभर वर्षांनंतरही एका ठिकाणी दिसलेला फरक दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातांनी केलेल्या प्रयोगात हमखास पुन्हा दिसतो, असा भरवसा मिळालेला नाही. बहुतेक प्रयोग बशीत, कुंडीत किंवा लहानशा वाफ्यात झाले. शिवाय एका पॉवरने वाढ, दुसरीने घट, तिसरीने काहीच नाही, असे निकाल या प्रयोगांत येतात. आता तुम्हीच विचार करा. एकाच बियाण्याच्या, एकाच खताच्या दहा ओळी बघितल्या तरी एखादी ओळ बाकीच्यांपेक्षा उंच असतेच. दहा प्रकारच्या बाटल्या वापरून बघितल्या तर एखादी बाटली पुढे दिसणारच. तो बाटलीचा गुण की योगायोग, हे कळायला तीच बाटली पुन्हा पुन्हा जिंकावी लागते. कुस्तीच्या फडात एक कुस्ती मारली म्हणून कोणी हिंदकेसरी होत नाही.

तेल खरे कशाने वाढते?

आमच्या शेजारच्या एका तरुण शेतकऱ्याने गेल्या वर्षी हे थेंब वापरले आणि त्याचा डबा आदल्या वर्षीपेक्षा लवकर भरला. गावभर त्याचीच चर्चा. मी त्याच्याकडे जाऊन बसलो आणि वर्षाचा पाढा वाचायला लावला. तेव्हा कळले की थेंबांबरोबर त्याने आणखी तीन गोष्टी बदलल्या होत्या. पाला कापल्या कापल्या भट्टीत न टाकता दिवसभर सावलीत सुकवला. तणाची भांगलण वेळेवर केली. आणि भट्टी बदलली. आता श्रेय कोणाला द्यायचे? त्याने थेंबांना दिले, कारण बाटली नवी होती आणि डोळ्यांसमोर होती.

गवती चहाच्या ताज्या शंभर किलो पाल्यातून साधारण ३०० ते ६०० ग्रॅम तेल निघते. हा फरक दुपटीचा आहे. तो जात, ऋतू, कापणीचे वय, पाल्यातले पाणी आणि भट्टी यांनी पडतो. एक साधा हिशेब बघा. समजा शंभर किलो ताज्या पाल्यातून ४०० ग्रॅम तेल निघते. तोच पाला सुकून सत्तर किलो झाला आणि तेल तेवढेच ४०० ग्रॅम निघाले, तर सत्तर किलोचा हिशेब शंभरावर नेल्यावर आकडा ५७० दिसतो. शेतात एक थेंब जास्त तेल तयार झाले नाही, पण कागदावर तेल वाढले! सुकवण्याचा खरा फायदा आहे तो वेगळाच. भट्टीत पाला जास्त मावतो आणि सरपण वाचते. तो नक्की घ्या, पण त्याला थेंबाचा चमत्कार म्हणू नका.

तेल म्हणजे झाडाने आपल्या पानांतल्या, फुलांतल्या बारीक पेशींत आणि केसांत साठवलेला माल. तो कधी जास्त असतो, कधी उडून जातो. म्हणून वेळ साधावी लागते. गवती चहाची पहिली कापणी लागणीनंतर चार-पाच महिन्यांनी आणि पुढच्या कापण्या दोन-तीन महिन्यांच्या अंतराने घेतात. पाला जून झाला की तेल घटते. रोशाचे तेल फुलोऱ्यात जास्त असते, म्हणून फुलोरा ते दाणा भरण्याच्या काळात कापायचे. तुळस पूर्ण फुलोऱ्यात, उन्हाच्या दिवशी कापायची. पाऊस पडल्यावर लगेच नाही. जातीची निवड तर सगळ्यात मोठी. लखनौच्या सीमॅप संस्थेने गवती चहाच्या कृष्णा, प्रगती यांसारख्या जाती दिल्या. केरळातल्या ओडक्कलीच्या संशोधन केंद्राने सुगंधी म्हणजे ओडी-१९ ही जात दिली. कुणाच्या तरी बांधावरून फुकट आणलेल्या ठोंबांत आणि खात्रीच्या ठोंबांत जो फरक आहे, तो कुठल्याच बाटलीने भरून निघायचा नाही.

मग भट्टी. पाला सारखा दाबून भरला नाही तर वाफ एका बाजूने पळते आणि निम्म्या पाल्यातले तेल पाल्यातच राहते. थंड करणारे पाणी गरम झाले तर वाफेबरोबर तेल हवेत जाते. तेलात पाणी राहिले, डबा अर्धा भरला किंवा उन्हात ठेवला तर तेल खराब होते. खरेदीदार वास घेऊन ‘वा वा’ म्हणत नाही. तो नमुना यंत्रात घालतो आणि सिट्रल किती टक्के ते बघतो. गवती चहाच्या तेलात ते पंचाहत्तर टक्क्यांच्या वर लागते. त्या यंत्राला बाटलीची जाहिरात वाचता येत नाही.

झाडाला मन नसते, पण…

काही जण म्हणतात, “माणसाला विश्वासाने बरं वाटतं म्हणता, मग झाडाला कुठलं आलंय मन? झाडावर गुण दिसला म्हणजे औषध खरंच की!” मुद्दा वरवर बिनतोड दिसतो. झाडाला मन नसते, कबूल. पण झाडाकडे बघणाऱ्याला असते. बाटलीवर पैसे घातलेला शेतकरी आठवड्यातून एकदा तरी शेतात जातो, तण उपटतो, पाण्याची पाळी चुकवत नाही, कीड वेळेवर बघतो. पीक सुधारते ते त्याच्या पायांनी. शिवाय ज्या पट्ट्यावर औषध मारले, तो पट्टा डोळ्यांना आपोआप हिरवागार दिसू लागतो.

थेंबांच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. औषधी पाल्याच्या आणि तेलाच्या खरेदीदाराला विषारी फवारणीचा अंश नको असतो. शेतकरी त्या भीतीने बिनविषारी काहीतरी शोधतो, यात त्याचे काय चुकले? थेंबाने माती बिघडत नाही, माणूस मरत नाही. पण निरुपद्रवी गोष्टीचीही किंमत पडते. तुळशीवर जाळीदार पंखांचा बारीक ढेकूण येतो आणि पानांतला रस शोषून पाला वाळवतो. तो दिसल्यावर “कोर्स पूर्ण होऊ द्या” म्हणून तीन आठवडे थेंब मारत बसलात, तर तेवढ्यात शेत करपते. रोगट फांद्या कापणे, निंबोळी अर्क वेळेवर मारणे, दाटी कमी करणे हेही बिनविषारीच आहे आणि त्याचा गुण डोळ्यांना दिसतो. थेंब घालावेत तर त्याच्या जोडीला, त्याच्या जागी कधीच नाही.

कस लावायचा कसा?

आता चार पट्ट्यांची गोष्ट. चोवीस ओळी निवडा. तीन-तीन ओळींचा एक, असे आठ पट्टे करा. शेजारच्या दोन पट्ट्यांची एक जोडी, अशा चार जोड्या. प्रत्येक जोडीत नाणे उडवून ठरवा, कोणता पट्टा एक नंबरचा आणि कोणता दोन नंबरचा. नाणे यासाठी की चांगल्या जमिनीचा पट्टा नकळत थेंबांच्या वाट्याला जाऊ नये.

मग दोन कॅन घ्या. एकात थेंबांचे पाणी, दुसऱ्यात नुसते पाणी. कोणत्या कॅनवर कोणता नंबर, हे फवारणाऱ्याला सांगायचे नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा ग्रामसेवकांनी ते चिठ्ठीवर लिहून लिफाफा बंद करून ठेवावा. दोन्ही कॅनचे पाणी एकाच दिवशी, तेवढेच मारायचे. खत, पाणी, भांगलण सगळीकडे सारखी.

कापणी एकाच दिवशी. वजन फक्त मधल्या ओळीचे, कारण कडेच्या ओळींवर शेजारचा फवारा उडतो. पाला कापताच तोलायचा, सारखाच वेळ सुकवायचा आणि प्रत्येक पट्ट्याचे तेल वेगळे काढायचे. मोठ्या भट्टीत एवढ्या थोड्या पाल्याचा अंदाज येत नाही. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नमुन्याचे तेल काढायची काचेची उपकरणे असतील तर त्यांची मदत मागा. आकडे वहीत लिहा आणि मगच लिफाफा फोडा.

एका कापणीवर निकाल देऊ नका. नाणे चार वेळा उडवून चारही वेळा छापा येणे हे सोळांत एकदा नुसत्या नशिबाने होते. तीन कापण्या बघा. तिन्ही वेळा थेंबांचे पट्टे ठळकपणे पुढे राहिले, तर याच पानावर मी माझे म्हणणे मागे घेईन आणि पेटीवाल्याला चहा पाजीन. नाही राहिले, तर एका बाटलीच्या खर्चात शहाणपण मिळाले. दोन्हीकडून फायदा आपलाच.

गावच्या अधिकाऱ्यांना दोन शब्द

ग्रामसेवक, कृषी सहायक यांची सरकारी नावे आता बदलली, पण गाव अजून याच नावांनी ओळखते आणि त्यांच्या शब्दाला मान देते. म्हणूनच पेटीवाला पहिल्यांदा तुमच्यासोबत फोटो काढायला बघतो. कृपा करून ग्रामसभेत त्याला माईक देण्याआधी बाटलीवरचे लेबल वाचा. माणसांसाठी बनवलेले होमिओपॅथीचे औषध औषध कायद्याखाली परवाना घेऊन विकले जाते. तो परवाना पिकासाठी नसतो. कीड मारते म्हणून कोणी माल विकत असेल, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली त्याची नोंदणी लागते. पिकाची वाढ करते म्हणून विकत असेल, तर २०२१ पासून जैव-उत्तेजकेही खत नियंत्रण आदेशाखाली आणली आहेत. ‘नोंदणी क्रमांक दाखवा’ एवढे तीन शब्द पुष्कळ पेट्या बंद करतात. आणि ज्यांच्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्र आहे, त्यांनी कुठलीही नवी बाटली शेतात नेण्याआधी आपल्या प्रमाणीकरण संस्थेला विचारावे. बाटलीवर ‘नैसर्गिक’ छापलेले पुरत नाही.

शेवटी बचत गटाच्या भगिनींना. तुमची शिलक म्हणजे आठवड्याच्या आठवड्याला रोजंदारीतून बाजूला काढलेला पैसा आहे. तो वर्षभराच्या थेंबांवर आणि प्रशिक्षणावर एकदम घालू नका. आधी खात्रीचे ठोंब घ्या, पाला सुकवायला सावलीचा मांडव घाला आणि एक चांगला काटा विकत आणा. उरलेल्या पैशातून हवी तर एक बाटली आणा. मात्र ती उघडण्याआधी चार पट्टे कोरे सोडा. लिफाफा फोडायच्या दिवशी मला बोलवा, मी येतो.